अ‍ॅक्शन गेममध्ये एकापेक्षा जास्त कॅरेक्टर हवेत का?

रात्रपाळी
मंडळी, नमस्कार. दोन आठवडे झाले डेव्हिल मे क्राय ५ खेळतोय, पहिल्यांदाच. २०१९ ला आला तेव्हा घरात तो चालेल असा पीसी नव्हता, आता घेतलाय. नोकरी रात्रीची, त्यामुळे खेळायला सकाळी सात ते साडेआठ एवढाच वेळ मिळतो, आणि म्हणूनच ही गोष्ट मला जरा जास्तच लागली.

सुरुवातीला नीरो मिळतो. त्याच्या तलवारीला मोटरसायकलसारखा थ्रॉटल आहे, वार फिरतो त्या नेमक्या क्षणी बटण दाबलं की तलवार पेटते आणि पुढचा वार दणकून बसतो. हे जमायला मला पहिली तीन मिशन लागली. ज्या दिवशी लागोपाठ चार वेळा जमलं त्या दिवशी नंतर झोपच येईना इतका आनंद झाला. आणि लगेच चौथ्या मिशनला गेम म्हणतो, नीरो ठेव बाजूला, हा घे व्ही.

व्ही स्वतः लढत नाही. तो लांब उभा राहतो, त्याचा पक्षी आणि काळा बिबट्या लढतात, पक्षी एका बटणावर आणि बिबट्या दुसऱ्या. शत्रू अर्धमेला झाला की शेवटचा घाव मात्र व्हीने काठीनेच घालायचा, नाहीतर तो मरत नाही. म्हणजे शिकलेलं सगळं वाया. तेही कसंबसं बसवलं तर दहाव्या मिशनला डान्टे, त्याच्या चार स्टाइल, वर तलवारी, बंदुका, दोन तुकडे होणारी मोटरसायकलसुद्धा हत्यार म्हणून.

तर प्रश्न असा, की एकाच अ‍ॅक्शन गेममध्ये असे दोन-तीन-चार कॅरेक्टर दिल्याने गेम खरंच चांगला होतो का? की कुणाशीच नीट ओळख होत नाही? टेकनसारखे फायटिंग गेम सोडून बोलूया, तिथे पन्नास माणसं असणं हाच गेम आहे.

इरसाल_कार्टं
अजिबात नकोत. एकच द्या आणि त्याला खोल करा. सेकिरो (२०१९) बघा. एक माणूस, एक तलवार, डाव्या हाताला यंत्राचा हात. पहिल्या तासापासून शेवटच्या बॉसपर्यंत (म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा बलाढ्य शत्रू) तीच तलवार, आणि तरी शेवटी तुम्ही जे खेळताय ते पहिल्या तासातल्यासारखं काहीच नसतं, कारण बदललेले असता तुम्ही. मध्येच गेमने दुसरा माणूस हातात दिला असता तर गेनिचिरो या बॉससमोर जो हात तयार होतो तो कधीच झाला नसता.

सांगलीकर
लई दिवसांनी मनातला धागा आला.

ओ कार्टं, तुम्ही मुस्तफा खेळला न्हाई का? आमच्या इथं बसस्टँडच्या मागं पार्लर होतं, रुपयाला एक कॉईन. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा, पण ते नाव आम्हाला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर मालकापासून गिऱ्हाईकापर्यंत सगळ्यांसाठी तो "मुस्तफा" च. चार माणसं होती. जॅक, हॅना, मुस्तफा, मेस. आणि मशीनला तिघं एकदम खेळायची सोय.

आता बघा, चौघांपैकी एकाच्या नावानं अख्खा गेम ओळखला जायचा, ते का? कारण पोरांनी चौघं खेळून बघितले आणि ह्यो वाऱ्यासारखा पळतो, ह्याची पळत येऊन मारलेली लाथ कुणालाबी चुकवता येत न्हाई, हे पोरांनीच शोधलं. गेमनं कुणावर लादलं न्हाई. माझा थोरला भाऊ मात्र कायम मेस घ्यायचा, अंगानं रेडा, हळू, पण धरला की सोडत न्हाई. मी मुस्तफा घेऊन पुढं पळायचो आणि मार खायचो, तो मागनं येऊन सगळ्यांना उचलून आपटायचा. दोघांचे स्वभाव घरी पण तसेच होते. एकच माणूस असता तर ही गंमत कुठनं आली असती?

शेवचिवडा
मुस्तफा!!! हॅनाला सगळे "पोरगी घेतली" म्हणून चिडवायचे पण चाकू-बंदूक हातात आली की तिच्यासारखं कोणी नव्हतं.

मुक्ता_न
शेवचिवडा, ते चिडवणं आम्ही पार्लरबाहेर उभं राहून ऐकलंय. आम्हाला आत जायचीही परवानगी नव्हती. घरी जे मिळालं ते पुष्कळ उशिरा.

माझं मत सरळ आहे. मुलगी तेरा वर्षांची आहे, गेल्या सुट्टीत आम्ही दोघींनी स्ट्रीट्स ऑफ रेज ४ (२०२०) संपवला. ती चेरी घेते, गिटार घेऊन मारामारी करणारी, चपळ, शत्रूच्या डोक्यावरून उडी मारून जाणारी. मी फ्लॉइड, यांत्रिक हातांचा आडदांड माणूस, दोन गुंड दोन हातांत धरून एकमेकांवर आपटतो. मला बोटांचा वेग जमत नाही पण कुठे उभं राहायचं ते कळतं, त्यामुळे फ्लॉइड मला जमला. चेरी मला जमलीच नसती आणि तिला फ्लॉइडचा कंटाळा आला असता. एकच कॅरेक्टर असता तर आम्ही दोघी एका सोफ्यावर बसून तो गेम पूर्ण केलाच नसता, हे मी अगदी खात्रीने सांगते.

रात्रपाळी
सांगलीकर, मुक्ताताई, दोन्ही अनुभव फार आवडले. पण तिथे तुम्ही सुरुवातीलाच निवडता आणि शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहता. माझी तक्रार मध्येच बदलण्याबद्दल आहे. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं आता लिहिता लिहिता लक्षात येतंय.

इरसाल_कार्टं
तेच तर! आणि मध्ये बदलण्याचं सगळ्यात वाईट उदाहरण त्याच मालिकेत आहे. डेव्हिल मे क्राय ४ (२००८). पहिली अकरा मिशन नीरोसोबत पुढे जायचं, बाराव्याला डान्टे येतो आणि तुम्ही त्याच किल्ल्यातून, त्याच जंगलातून, त्याच बर्फातून उलटे परत निघता. तेच बॉस पुन्हा. गेम वीस मिशनचा, पण जागा अर्ध्याच.

अर्धा_चहा
पण कार्टं, त्याच बॉसशी डान्टेने लढताना तो बॉस वेगळा वाटला की नाही? नीरो त्याच्या राक्षसी हाताने शत्रूला ओढून जवळ आणतो, डान्टेला तो हात नाही, त्याला स्वतः जावं लागतं. बेरियल नावाच्या बॉसला मी नीरोने मारला तेव्हा दरवेळी तो हात वापरायच्या संधीची वाट बघत होतो, आणि डान्टेने मारला तेव्हा सगळा वेळ हवेतच होतो. जागा तीच असण्याचा राग मला पण आला होता, पण तो जागेचा दोष आहे, डान्टेचा नाही. नव्या जागा दिल्या असत्या तर आज आपण त्याच गेमला दोन नायकांचा आदर्श म्हटलं असतं.

फ्रेमवाला
मी गेल्या आठ वर्षांपासून गेमच्या अ‍ॅनिमेशनमध्ये काम करतोय (स्टुडिओचं नाव सांगत नाही), म्हणून जरा आतलं लिहितो, लांबेल.

बाहेरून वाटतं की अजून एक कॅरेक्टर म्हणजे अजून एक मॉडेल आणि थोड्या हालचाली. तसं नसतं. अ‍ॅक्शन गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो असं धरा, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. प्रत्येक वाराचे तीन भाग: हात उगारण्याचा, प्रत्यक्ष लागण्याचा आणि सावरण्याचा. सावरताना कुठल्या फ्रेमपासून दुसरी हालचाल करता येईल, म्हणजे वार कॅन्सल करून चुकवता येईल की नाही, ह्यावर तो माणूस हातात जड वाटेल की हलका ते ठरतं. आता शत्रूने हल्ला करण्याआधी किती वेळ इशारा द्यायचा हे ठरवायचं तर नायक किती लवकर सुटू शकतो ते माहीत पाहिजे. एक नायक असेल तर हा हिशोब एकदा होतो. तीन असतील तर प्रत्येक शत्रू तिघांशी जुळवावा लागतो. शिवाय उडी किती उंच, म्हणजे कठडा किती उंच, म्हणजे कॅमेरा किती मागे. आणि शेवटी बहुतेक वेळा काय होतं, की शत्रू मुख्य नायकाच्या मापाने शिवलेले असतात आणि बाकीचे ते कपडे घालून वावरतात. कुठेतरी घट्ट, कुठेतरी ढगळ.

याचं ठळक उदाहरण म्हणजे बेयोनेटा ३ (२०२२). बेयोनेटाचा सगळा गेम शेवटच्या क्षणी चुकवण्यावर उभा, चुकवलं की वेळ मंदावतो. आणि मध्ये मध्ये व्हायोला येते, तिच्यात चुकवून वेळ मंदावत नाही, तलवारीने वार अडवायला लागतो. पुन्हा तिने तिचं मांजर, तो चेशायर, बोलावला की तलवार त्याच्याकडे, आणि ही हाताने लढणार. कल्पना म्हणून मला ती फार आवडली. पण वीस तास चुकवण्याची सवय लागलेला हात एका रात्रीत अडवायला शिकत नाही, आणि शत्रू मात्र बेयोनेटाच्याच तालावर हल्ला करत असतात असं मला खेळताना सतत वाटत राहिलं.

म्हणून रात्रपाळी, तुमची तक्रार खरी आहे. तुम्हाला पूर्ण नवं शरीर मिळतंय आणि ते सवयीचं व्हायला गेम वेळ देत नाहीये.

पाऊलवाट
फ्रेमवाला, "शत्रू मुख्य नायकाच्या मापाने शिवलेले" हे अगदी पटलं. निन्जा गायडन सिग्मा २ (२००९) मध्ये नायक र्‍यू सोडून आयाने, मोमिजी, रेचल यांच्या वाट्याला एकेक चॅप्टर. आयाने मला इतकी आवडली की तिच्यासोबत पूर्ण गेम खेळला असता, आणि ती हातात बसते तोवर चॅप्टर संपला. म्हणजे इथे उलटा त्रास, नवा माणूस आला म्हणून नाही तर लगेच गेला म्हणून.

तळ्यातमळ्यात
सगळे हाताबद्दलच बोलताय, गोष्टीबद्दल कोणीच नाही! नियर ऑटोमाटा (२०१७). पहिल्यांदा टूबी म्हणून खेळता. मग तीच गोष्ट नाइनएस म्हणून. त्याला टूबीसारखी दोन हत्यारं वापरता येत नाहीत, पण तो शत्रू असलेल्या यंत्रांच्या आत शिरून हॅक करतो. आणि आत शिरल्यावर त्या यंत्रांबद्दल जे कळतं ते टूबीला कधी कळलंच नव्हतं. पहिल्या वेळी ज्यांना बिनधास्त कापत गेलो त्यांच्याकडे दुसऱ्या वेळी हात उचलेना. पुढचं सांगत नाही, ज्यांनी खेळला नाही त्यांनी खेळा. इथे कॅरेक्टर बदलणं म्हणजे नजर बदलणं आहे. हे एका नायकाने करताच येत नाही.

इरसाल_कार्टं
तळ्यातमळ्यात, हे मान्य. नाइनएसची ती फेरी मी रडत खेळलोय. पण लढाई म्हणून ती फेरी टूबीपेक्षा फिकी आहे हेही मान्य करा.

तळ्यातमळ्यात
लढाई म्हणून फिकी, मान्य. तरी मला ती जास्त लक्षात आहे.

आजोळ
जरा अवांतर. सगळेजण "तो गेम" म्हणताय. आमच्याकडे नागपूरला लहानपणापासून "ती गेम". "चल ना बे, एक गेम लावू" आणि "मस्त गेम आहे ती". बरोबर काय?

सांगलीकर
आमच्यात तो गेम. पण क्यारम, बुद्धिबळाची "एक गेम झाली".

शेवचिवडा
मुंबईत "त्याची गेम केली" स्त्रीलिंगीच. व्हिडिओ गेम मात्र तो. काहीजण "ते गेम" पण म्हणतात, तेव्हा मात्र मी उठून जातो.

मुक्ता_न
माझी लेक एकाच वाक्यात दोन्ही म्हणते. चालू द्या, धाग्यावर परत या सगळे. :)

पाऊलवाट
येतो. मुद्दा असा की विविधता हवी असेल तर कॅरेक्टर वाढवणं हा एकच रस्ता नाही. हेडीस (२०२०) मध्ये नायक एकच, झॅग्रियस. हत्यारं सहा, आणि प्रत्येकाची चार रूपं. ढाल घेऊन खेळणारा झॅग्रियस आणि धनुष्यवाला झॅग्रियस यांचा खेळण्याचा वेग, अंतर, धीर सगळं वेगळं, पण धावून निसटण्याचं बटण तेच. म्हणजे पायाखालची जमीन तीच राहते आणि वरचं घर बदलतं. रात्रपाळी यांना जो धक्का बसला तो इथे बसत नाही.

आपल्याकडचंही एक सांगतो, पुण्यात तयार झालेला राजी (२०२०). नायिका एकच, राजी, भावाला शोधत निघालेली. त्रिशूळ, धनुष्य असं एकेक हत्यार मिळत जातं. छोटी टीम, छोटा गेम, आणि तिची खांबाला धरून गिरकी घेऊन वार करायची लकब अजून डोळ्यासमोर आहे. त्या टीमने दोन नायक करायचे ठरवले असते तर दोन्ही अर्धे राहिले असते असं मला वाटतं.

अर्धा_चहा
हेडीसचा मुद्दा चांगला आहे पण हत्यार आणि माणूस यात फरक आहे. हत्यार बदललं तरी चालतो, उडी मारतो, बोलतो तोच. १९८९ चा कॅसलव्हेनिया ३ आठवतोय का कोणाला? नायक ट्रेव्हरला वाटेत साथीदार मिळतात, ग्रँट भिंतीवर चढतो, सायफा जादू करते, अलुकार्ड वटवाघूळ होऊन उडतो. पण एका वेळी एकच साथीदार सोबत ठेवता येतो. आणि बटण दाबून कधीही त्याच्यात बदलायचं, नको तेव्हा परत ट्रेव्हर. लादलेलं काही नाही, फुकटही काही नाही, ग्रँटला घेतलं तर सायफाला मुकलात. पस्तीसेक वर्षांपूर्वी त्या छोट्या मशीनवर हे नीट सोडवलेलं होतं.

नवखा_गडी
मी इतका जुना खेळाडू नाही, पण स्पायडर-मॅन (२०१८) मध्ये मस्त झोके घेत चाललेलो असतो आणि मध्येच एमजे (नायक पीटरची मैत्रीण) होऊन खोक्यांमागे लपत जायला लागतं, तेव्हा मी दरवेळी फोन बघायला लागायचो. दुसऱ्या भागात (२०२३) मात्र पीटर आणि माइल्स हे दोन्ही स्पायडर-मॅन शहरात पाहिजे तेव्हा बदलता येतात, दोघेही झोके घेतात, दोघेही लढतात, माइल्सची वीज वेगळी एवढंच. ते आवडलं.

फ्रेमवाला
नवखा_गडी, अगदी नेमकं. एमजेच्या वेळी ज्या गोष्टीसाठी तुम्ही गेम घेतला तीच काढून घेतली जाते. पीटर-माइल्समध्ये ती दोघांकडे आहे. मला वाटतं नव्या कॅरेक्टरला जुन्याची निदान एक सवय तरी वापरू द्यावी.

शेवचिवडा
हॉस्टेलवर लिटल फायटर २ खेळलेल्यांनी हात वर करा! एका कीबोर्डवर चौघं, आठ हात, कोणाचं कोपर कोणाच्या बरगडीत. फ्रीझ आणि फायरन घेऊन दोघं जवळ येऊन एक झाले की फर्झेन हा तिसराच कॅरेक्टर. त्यासाठी दोघांनीही मरत मरत जिवंत राहायला लागायचं. माझ्या रूममेटची आणि माझी मैत्री त्या एका गोष्टीवर झाली.

मुक्ता_न
शेवचिवडा +१०००. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सर बाहेर गेले की हाच. मी कायम डीप घ्यायचे.

सांगलीकर
रात्रपाळी भाऊ, तुम्ही गेले कुठं? प्रश्न टाकून झोपले जणू.

रात्रपाळी
झोपलो नव्हतो, खेळत होतो. परवा सुट्टी होती, पाच तास मिळाले, खूप वर्षांनी.

तेराव्या मिशनला गेम पहिल्यांदा विचारतो की तिघांपैकी कोण घेणार (सातव्यातही विचारतो पण तिथे दोघेच). मी डोळे झाकून नीरो घेतला. मिशन संपल्यावर काय वाटलं कुणास ठाऊक, तेच मिशन पुन्हा व्हीने खेळलो. तिसऱ्यांदा डान्टेने. तीनदा तेच मिशन, आणि अर्धा_चहा यांचं म्हणणं तिथे पटलं. नीरोने खेळताना मी एकेकाला ओढून घेत होतो. व्हीने खेळताना मी शत्रूपासून लांब पळत होतो आणि कुठला मरायला आलाय एवढंच बघत होतो, मध्ये जागा मिळाली की तो पुस्तक उघडून वाचतो आणि त्याची शक्ती भरते, लढाईच्या मधोमध वाचन! पहिल्यांदा चौथ्या मिशनला मी त्याच्यावर इतका चिडलेलो होतो की ही गोष्ट मला दिसलीच नव्हती.

म्हणजे व्ही वाईट नव्हता. मी नीरोच्या हाताने व्ही खेळत होतो.

तरी माझी तक्रार मी मागे घेत नाहीये. तीन मिशननंतर लगेच माणूस बदलणं घाईचंच आहे. नीरोची अजून दोन मिशन दिली असती तर मी व्हीचं स्वागत केलं असतं. आणि जो मोकळेपणा तेराव्या मिशनला दिला तो आधी का नाही? एकदा गेम संपला की तरी सगळी मिशन सगळ्यांनी खेळू द्यायला हवी होती.

इरसाल_कार्टं
डिसेंबर २०२० ला व्हर्जिल हा चौथा कॅरेक्टर आला ना वेगळा विकत, त्याच्यासोबत सगळा गेम खेळता येतो पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी एकच कॅरेक्टरवाला माणूस, मला त्या गेममधला तोच सर्वांत आवडला. शांत उभा, एक तलवार मुख्य, आणि न घाबरता वाट बघितली तर त्याचं मीटर भरतं. उगाच बटणं बडवली की उतरतं. संयमाला बक्षीस देणारा कॅरेक्टर मी दुसरा बघितला नाही.

अर्धा_चहा
म्हणजे कार्टं, तुमच्या आवडीचा एकुलता एक माणूस मिळायला चार माणसांचा गेम लागला.

इरसाल_कार्टं
हे मात्र बरोबर पकडलंत. यावर उत्तर नाही माझ्याकडे. सेकिरो तरीही वर.

फ्रेमवाला
रात्रपाळी, एक करा. त्याच गेममध्ये मिशन निवडायच्या पडद्यावर व्हॉइड नावाची सरावाची जागा आहे. शत्रू तुम्हीच निवडायचा, तो मरेल की नाही ते तुम्हीच ठरवायचं. नवा कॅरेक्टर मिळाला की पुढचं मिशन सुरू करण्याआधी वीस मिनिटं तिथे घालवा. डान्टेसाठी तर नक्की. चारही स्टाइल एकदम घेऊ नका, आधी फक्त ट्रिकस्टर, म्हणजे पळणं-निसटणं, ते बोटात बसलं की स्वोर्डमास्टर. रॉयलगार्ड, म्हणजे वार अडवणं, सगळ्यात शेवटी.

रात्रपाळी
आज सकाळी केलं. वीस मिनिटांचा सव्वा तास झाला. ट्रिकस्टर बसलाय, स्वोर्डमास्टरला सुरुवात. मोटरसायकलचे दोन तुकडे करून फिरवताना बायको चहा घेऊन आली आणि बघतच राहिली, म्हणाली, हा कोण आता, परवा तो काठीवाला होता ना? तिला व्हीचं पुस्तक दाखवलं. उद्या तिला खेळायचाय, आणि तिला व्हीच हवाय.

सांगलीकर
वहिनींना म्हणावं आधी मुस्तफा खेळा. दिवाळीत भाऊ येतोय, आम्ही पण लावणार. यंदा मेस मी घेणार, त्याला सांगितलंय.